वाफेची वाट

जुलैमधल्या एका गुरुवारी रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. लोणावळ्याला नांगरगावात त्याची लाँड्री आहे. घरगुती कपड्यांची नव्हे. हॉटेलं, रिसॉर्ट आणि शनिवार-रविवार भाड्याने जाणारे बंगले यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. काही न बोलता त्याने फोन ड्रायरजवळ धरला. आधी बर्नर पेटल्याचा फुस्स आवाज, आठ-दहा सेकंदांनी टक्, मग शांतता. पुन्हा फुस्स. पुन्हा टक्.

"ऐकलंस? दुपारपासून हेच चाललंय. पाऊण तासाची खेप अडीच तास झाले तरी ओली."

"सर्व्हिसवाला काय म्हणतो?"

"सोमवारी येतो म्हणतो. आणि उद्या शुक्रवार आहे."

पावसाळ्यातला शुक्रवार म्हणजे काय, हे लोणावळ्यात धंदा करणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवरून मुंबई आणि पुणे दोन्हीकडची माणसं भुशी डॅमच्या दिशेने सुटतात. त्यांना भिजायचं असतं मनसोक्त, आणि खोलीवर आल्यावर टॉवेल मात्र कोरडा हवा असतो. तो कोरडा टॉवेल पुरवणं हा आमच्या दादाचा धंदा.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. पण कपडे वाळवणाऱ्याला छळते ती हवा. जुलैत तिथे तापमान बावीस अंशांच्या आगेमागे असतं आणि हवा बाष्पाने भरलेली. बावीस अंशांची हवा एका घनमीटरमागे जेमतेम एकोणीस ग्रॅम बाष्प धरू शकते, आणि तेवढं तिने आधीच धरलेलं असतं. दोरीवर टाकलेली चादर चार दिवसांनी काढली तरी ओलसरच. वर कुबट वास. धुकं खिडकीतून आत येऊन कपाटातले कोरडे कपडेसुद्धा दमट करून जातं.

नाणे मावळातल्या आमच्या जुन्या घरात आजीचा यावर इलाज होता. शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचं आणि त्यावर तान्ह्या बाळाची दुपटी, लंगोटी पसरायची. खालची गरम हवा कापडातून आरपार वर जायची. वर कौलांत धुराडं होतंच, तिथून ती बाहेर. दादाचा पंचवीस किलोचा ड्रायर याहून वेगळं काही करत नाही. तीच दमट हवा आत ओढतो आणि गॅसवर सत्तर अंशांपर्यंत तापवतो. सत्तर अंशांच्या एका घनमीटर हवेत जवळजवळ दोनशे ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे बाहेर काठोकाठ भरलेली हवा तापल्यावर एकदम तहानलेली होते. फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून ती पाणी शोषते आणि पंखा तिला डक्टमधून बाहेर ढकलतो. हायड्रोमध्ये पिळून काढलेल्या पंचवीस किलो कपड्यांतही बारा-तेरा लिटर पाणी उरलेलं असतं. दर खेपेला एक कळशीभर पाणी वाफ होऊन त्या पत्र्याच्या नळीतून जायचं असतं. नळी चोंदली की सगळा खेळ खलास.

आणि ती नळी कशी बसवली आहे, हे मी पाहिलं होतं. तेच मला त्या रात्री टोचत होतं.

मार्चमध्ये मशीन बसवलं तेव्हा दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर डक्टचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "बरोबर आहे ना?" आमच्या घरात इंजिनिअर मी एकटा. चार वर्षं मेकॅनिकल शिकलो, शेवटच्या वर्षी कँपसमधून सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि तेव्हापासून हिंजवडीत कोड लिहितो. हे दादाला ठाऊक आहे, पण त्याच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर. फोटो आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. मोठा करूनसुद्धा पाहिला नाही. अंगठा पाठवून दिला.

गुरुवारी रात्री फोन ठेवल्यावर तो फोटो शोधून काढला. ड्रायरच्या मागच्या तोंडाचा व्यास दहा इंच. त्यावर रिड्यूसर घालून पुढे आठ इंची, सुरकुत्यांची, अ‍ॅल्युमिनियमची लवचीक नळी. तिला तीन वळणं. भिंतीतून बाहेर पडून तोंड पश्चिमेला. पूर्वेला शेजाऱ्यांची खिडकी होती. पश्चिमेला कुणाचं घर नाही, म्हणून तिकडे. त्यात काय चुकलंय हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही सांगता आलं असतं, त्याने पाहिलं असतं तर.

शनिवारी सकाळच्या लोकलने लोणावळ्याला उतरलो. शेडमध्ये पोचलो तर ड्रायर मजेत चालला होता. बर्नर एकसारखा जळत होता.

"झाला की नीट!" मी म्हटलं.

दादा खूश होता. "काल रात्री आपल्या इलेक्ट्रिशियनने डायरेक्ट केला. पाच मिनिटांचं काम."

काय डायरेक्ट केलं, ते मागचं झाकण उघडल्यावर दिसलं. हवेच्या मार्गात एक पातळ पत्र्याची पट्टी असते. पंख्याचा झोत पुरेसा असेल तर ती ओढली जाऊन स्विच दाबते, आणि तेव्हाच बर्नरला गॅस मिळतो. झोत कमी पडला की पट्टी सुटते, गॅस बंद. गुरुवारी फोनवर ऐकू आलेलं टक् तेच होतं. त्या स्विचच्या दोन टोकांवर आता लाल वायरचा दीड इंचाचा तुकडा जोडलेला होता. म्हणजे झोत असो वा नसो, मशीनने असंच समजायचं की आहे.

असं मी स्वतः ऑफिसात केलेलं आहे. रिलीजच्या आदल्या रात्री एखादी तपासणी सारखी फेल होते, तेव्हा ती ओळ कॉमेंट करून टाकायची आणि सोमवारी बघू म्हणायचं. बहुतेक वेळा काही होत नाही. फार तर कुणाच्या तरी स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसतो. इथे ड्रममध्ये सुती टॉवेल होते, बाजूला एकोणीस किलोचे चार सिलिंडर होते आणि शेडमध्ये तीन मावश्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"दादा, हे बंद कर."

"आज? सहा बंगल्यांची डिलिव्हरी आहे दुपारी. रिसॉर्टवाल्याने मागच्या महिन्यातच सांगितलंय, एकदा जरी चुकलास तर दुसरा बघतो. हप्ता तू भरणारेस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवा कमी झाली की तीच उष्णता थोड्या हवेत साठते, तापमान चढतं, वगैरे मी सांगू लागलो. पण आपण जर्नलमधलं वाचून दाखवतोय असं माझं मलाच वाटत होतं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रात्रीपासून इस्त्री करपल्यासारखा वास येतोय. मी म्हटलं तर हे म्हणाले नवीन बर्नरचा असेल."

मशीन थांबवून खालचा लिंटचा कप्पा ओढला. लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारी लव. मावश्या तिला नुसतं 'कापूस' म्हणतात. एरवी ती पांढरी-करडी असते. जाळीच्या वरच्या कोपऱ्यातली तपकिरी झाली होती. बोटांत घेतली तर तिचा चुरा झाला. त्याच खेपेत एका स्पाचे टॉवेल होते, मालिशच्या तेलाचे. असं तेल धुतल्यावरही पूर्ण जात नाही. तेलाचा अंश राहिलेले टॉवेल गरम असतानाच गठ्ठा करून ठेवले, तर तेलाचं हवेशी मंद रासायनिक काम चालू राहतं, उष्णता आतच साठते आणि गठ्ठा काही तासांनी आपोआप पेटू शकतो. म्हणून खेप संपल्यावर ड्रम थंड हवेवर फिरवत ठेवायचा असतो. घाईत गेल्या दोन दिवसांत ती दहा मिनिटंही वाचवली होती. मशीनमध्ये वरचा एक थर्मोस्टॅट शाबूत होता, बहुधा त्यानेच आम्हाला तारलं.

दादा तो चुरा बघत उभा राहिला. वहिनींनी कुणाला न विचारता सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि टेंपोवाल्याला फोन लावला. ओले कपडे तळेगावच्या एका लाँड्रीत वाळवून आणायचं ठरलं. त्या फेरीत पैसे सुटणार नव्हते. खिशातलेच जाणार होते.

आता निदान नक्की काय बिघडलंय ते मोजायला हवं होतं. बाहेर जाणाऱ्या हवेला डक्टमध्ये किती अडथळा होतो, हे पाण्याच्या उंचीत मोजतात. आमच्या मशीनच्या पुस्तकात मर्यादा दिली होती साडेसात मिलिमीटर. मोजायला यू आकाराची नळी लागते. कॉलेजच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये ती होती, आणि खरं सांगायचं तर त्या प्रयोगाची रीडिंग मी आदल्या बॅचच्या जर्नलमधून उतरवली होती. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी दोन मीटर आणली. फळीवर यू आकारात ठोकली. पाण्यात लाँड्रीतलीच नीळ घातली, म्हणजे रेघ स्पष्ट दिसेल. मागे पुतणीची पट्टी चिकटवली. डक्टला मशीनलगत छोटं भोक पाडून नळीचं एक टोक त्यात बसवलं, दुसरं मोकळं. गॅस बंद ठेवून नुसता पंखा लावला.

एका बाजूचं निळं पाणी खाली गेलं, दुसरीकडचं वर चढलं. फरक एकोणीस मिलिमीटर. साडेसातच्या जागी एकोणीस.

लवचीक नळी काढून पाहिली तेव्हा कारण हातातच आलं. सुरकुतीसुरकुतीत ओला कापूस बसून त्याचा लगदा झाला होता. गरम वाफ थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. नळी मधे झोळीसारखी लोंबत होती, तिथे ते साचलं होतं. मार्चमध्ये नळी नवी होती, खिडक्या उघड्या होत्या, हवा कोरडी होती. तेव्हा सगळं चाललं. नळीचा व्यास कमी करणं किती महाग पडतं याचाही हिशेब मी तिथेच कपड्यांच्या पावतीमागे केला. तेवढीच हवा न्यायची तर घर्षणाचा रोध व्यासाच्या साधारण पाचव्या घातात बदलतो. आठ इंचांऐवजी बारा इंच घेतले, म्हणजे व्यास दीडपट केला, तर रोध साडेसात पटींनी उतरतो.

तरी एक गोष्ट उलगडत नव्हती. नळी झटकून परत लावल्यावर पाणी चौदावर आलं, पण तिथे ठरेना. मधेच सत्तावीस दाखवायचं, पुन्हा चौदा. मला वाटलं नळीत हवेचा बुडबुडा अडकलाय. मग लक्षात आलं की पाणी उसळतं त्याच क्षणी शेडचा पत्राही वाजतो. घाटातून वर येणारा वारा सरळ आमच्या डक्टच्या तोंडात घुसत होता. हिशेब सोपा आहे: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर साधारण साडेसात मिलिमीटरचा दाब देतो. म्हणजे पुस्तकाने दिलेली अख्खी मर्यादा एकटा वाराच खाऊन टाकतो. ताशी पंचावन्नला तेरा-चौदा. पंखा आतून ढकलतोय, सह्याद्री बाहेरून.

दादाला नळी दाखवली. त्याने बराच वेळ निळ्या पाण्याची उसळी पाहिली. वाऱ्याचा आवाज आला की तो आधीच म्हणायचा, "आता चढेल." चढायचंच. मी सकाळी जे समजावू शकलो नव्हतो ते त्याला त्या पट्टीवर दिसलं. "मग तोंड फिरवायचं का पूर्वेला?" त्याने विचारलं.

पूर्वेला शेजाऱ्यांच्या खिडकीत वाफ आणि कापूस सोडणं शक्य नव्हतं. रविवारी तळेगावहून पत्र्याचं काम करणारे मिस्त्री आले. साठीचे असतील, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी रात्रभर वाचून कागदावर चित्र काढून ठेवलं होतं: बारा इंची डक्ट छतातून सरळ वर, वर पावसासाठी शंकूच्या आकाराची टोपी.

मामांनी चित्र पाहिलं. "साहेब, टोपी घातली की वाफ टोपीला आपटून खाली येणार. कापूस तिथेच धरणार. पावसाळाभर दर आठवड्याला वर कोण चढणार, तुम्ही?"

"मग पाऊस आत येईल ना."

"येऊ द्या. आला की बाहेर काढू."

त्यांनी माझ्याच कागदावर दोन रेघा मारल्या. डक्टच्या टोकावर बाहेरून तेरा इंची, चार फूट उंचीचा दुसरा गळा. आतल्या नळीला तो थोडा पांघरून राहील आणि दोन्हींच्या मधे सगळीकडून अर्धा इंच फट. पाऊस सहसा तिरका येतो. तो गळ्याच्या आतल्या अंगाला लागतो, खाली ओघळतो आणि फटीतून बाहेर छपरावर पडतो. हवा मात्र मधून बिनअडथळा वर. मशीन बंद असताना जो सरळ आत येईल त्याच्यासाठी तळाशी टी-जोड, त्याच्या खालच्या तोंडाला झाकण आणि पाणी जायला अर्ध्या इंचाची नळी. तेच झाकण उघडून कापूसही काढता येईल. ही रचना नंतर मला इंडस्ट्रियल व्हेंटिलेशनच्या पुस्तकांत जशीच्या तशी सापडली. मामा ती भोसरीतल्या भट्ट्यांवर पंचवीस वर्षं बसवत आले होते.

एका ठिकाणी मात्र आमचं अडलं. मी वाचलं होतं की ड्रायरच्या डक्टमध्ये प्रत्येक तुकड्याचं निमुळतं टोक हवेच्या दिशेने पुढच्या तुकड्यात घालायचं, म्हणजे आत कड राहत नाही आणि कापूस अडकत नाही. मामा म्हणाले, उभ्या नळीत असं केलंत तर वरून ओघळणारं पाणी प्रत्येक सांध्यातून बाहेर गळेल. चिमणीला उलटं घालतात. दोघंही बरोबर होतो. कापसाला एक दिशा हवी होती, पाण्याला दुसरी. मामांनी विडी विझवली आणि म्हणाले, "फ्लँज मारू. तोंडाला तोंड लावून बोल्ट. मधे गॅस्केट." आतून सांधा सपाट राहिला, एकही स्क्रू आत डोकावत नव्हता. खर्च वाढला. दादाने फक्त मान हलवली.

सोमवारी मामांनी त्यांच्या वर्कशॉपमध्ये बावीस गेजचा जीआय पत्रा वळवून तुकडे तयार केले. मंगळवारी दिवसभर भर पावसात बसवाबसवी. मी रजा टाकली होती आणि माझं काम होतं शिडी धरणं, बोल्ट पुरवणं आणि मामा म्हणतील तिथे सिलिकॉन भरणं. छपरातून जिथे नळी बाहेर येते तिथला पत्रा तीनदा काढून लावावा लागला. वर तीन बाजूंनी तारांचे ताण दिले. संध्याकाळी माझ्या बोटांवर ग्राइंडरने कापलेल्या पत्र्याच्या इतक्या बारीक रेघा होत्या की आठवडाभर कीबोर्ड टोचत होता.

शेवटचं एक काम मामांनी दाखवलं. पंखा लावून त्यांनी शेडचं दार लोटलं. ते हळू चालत होतं, मग शेवटच्या फुटात आपणहून धाडकन लागलं. "आत हवा कुठून येणार?" पाऊस येतो म्हणून मावश्यांनी सगळ्या खिडक्या गच्च लावल्या होत्या. जेवढी हवा मशीन बाहेर टाकतं तेवढी आत यायला हवी. नाहीतर खोलीत ओढ तयार होते आणि गॅसच्या ज्वाळेलाही पुरेशी हवा मिळत नाही. उत्तरेच्या भिंतीत खाली तोंड असलेल्या पट्ट्यांची मोठी जाळी बसवली. दार पुन्हा लोटलं. ते अर्ध्यावर थांबलं.

मग मी लाल वायरचा तुकडा काढला, स्विचची टोकं होती तशी जोडली. वहिनींनी व्हॉल्व्ह उघडला. फुस्स. आम्ही सगळे टक् ऐकायला थांबलो होतो. ते आलं नाही. निळं पाणी चारवर होतं. वाऱ्याचा झोत आला, पत्रा वाजला, आणि पाणी चढायच्या ऐवजी तीनवर उतरलं. उभ्या नळीच्या तोंडावरून आडवा जाणारा वारा आतली हवा वर ओढून घेतो. परवापर्यंत अडवणारा वारा आता हात देत होता. दादा म्हणाला, "अरे, उतरलं!" आणि वहिनींना बघायला बोलावलं.

बाहेर येऊन वर पाहिलं. गळ्यातून वाफ निघत होती, पण दोन हातांवर ती धुक्यात मिसळत होती. पुढे वाफ कुठली आणि धुकं कुठलं, काही कळत नव्हतं. सगळ्यात वयस्कर मावशी छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "धुराडंच की हे."

रिसॉर्टचं काम त्या महिन्याअखेर गेलं. शनिवारची डिलिव्हरी चुकली ती चुकलीच. दादा मला कधी काही बोलला नाही. मार्चमधल्या त्या अंगठ्याबद्दलही नाही. कदाचित त्याला तो आठवतही नसेल.

नळी मी परत नेली नाही. ती फळीवर ठोकलेली, पुतणीच्या पट्टीसकट अजून ड्रायरच्या मागे आहे. चादरींचा हिशेब ठेवायच्या वहीत वहिनी रोज सकाळी पहिल्या खेपेला पाण्याचा आकडा लिहितात. सहा झाला की तळाचं झाकण उघडून कापूस काढतात. आठवड्यातून एकदा त्या पानाचा फोटो मला येतो. मागच्या गुरुवारी आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर जाऊन फोन लावला.

"पाच लिहिलंय वहिनी. मोजलं तेव्हा वारा होता का?"

"थांबा," त्या म्हणाल्या, "पुन्हा बघून सांगते."